सुरी एक, जाणकार पेठभर

कोल्हापुरात जुनं लोखंड सापडलं की ते आधी ऐतिहासिक ठरतं; ते लोखंडच आहे का, हे नंतर सवडीनं बघतात. इतर गावांत माळ्यावर काही गंजकं निघालं तर लोक भंगारवाल्याची वाट बघतात. इथं पेठेत निरोप जातो. संध्याकाळपर्यंत चहाची चार भांडी चढतात आणि रात्री झोपताना घरातल्या माणसांना कळतं की आपले पूर्वज बरेच मोठे होते, फक्त त्यांनी आपल्याला सांगितलं नव्हतं.

यात आमचा दोष कमी, जमिनीचा जास्त. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव वर आलं. याच टेकडीत ग्रीकांच्या समुद्रदेवाचा, पोसायडनचा, ब्राँझचा छोटा पुतळा मिळाला. तो आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात उभा आहे. ज्या गावाला समुद्र नाही त्या गावात समुद्राचा देव, आणि तोही परदेशी! रंकाळ्याच्या काठाला आम्ही चौपाटी का म्हणतो, याचं खरं कारण तोच जाणे. तर मुद्दा असा, की एवढं सगळं निघालेल्या गावात तुमच्या माळ्यावरची सुरी साधी असेल असं म्हणणं हाच उद्धटपणा होतो.

आमची सुरी दसऱ्याच्या आधी माळा झाडताना निघाली. तांब्याच्या घंगाळामागं, लाल खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली. खणाचा तुकडा चांगला मऊ होता, त्यामुळं तो ताबडतोब स्टुलं पुसायला गेला. उरली सुरी. वीतभर पातं, धार एकाच बाजूला, पाठ जाड, टोक जरासं वाकडं. लाकडी मूठ कधीच गेलेली. मुठीत जाणारी लोखंडी पट्टी आणि तिच्यातली दोन भोकं तेवढी शिल्लक. वरून खाली तांबडा गंज, असा की बोट फिरवलं तर बोटाला कुंकू लागल्यासारखं दिसावं.

पहिलं निदान शेजारच्या गुरुजींनी केलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेत, इतिहासातून नाही. ते उंबऱ्यापाशी आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि सुरी हातात न घेताच म्हणाले, "शिवकालीन!"

"कशावरनं गुरुजी?"

"गंजावरनं. एवढा गंज चढायला तीनशे वर्षं लागतात."

आता गंजाला पाणी लागतं आणि हवा लागते. तारीख लागत नाही. आमच्याकडं एक आषाढ नीट कोसळला तरी खिडकीच्या गजांना पेशवाई येते. २०१९ च्या महापुरात बुडालेल्या सायकली पाणी ओसरल्यावर बाहेर काढल्या, तेव्हा गुरुजींच्या हिशेबानं त्या सातवाहनकालीन व्हायला हव्या होत्या. पण हे गुरुजींना कोण सांगणार? त्यांनी एव्हाना पन्हाळा गाठला होता. १६६० चा जुलै, सिद्दी जौहरचा वेढा, पालखीत बसलेले शिवा काशीद, घोडखिंडीत बाजीप्रभू. सांगताना त्यांचा आवाज दाटून येतो आणि ऐकणाऱ्याचाही कंठ भरतो, त्यात खोटं काही नाही. अडचण एवढीच, की त्या रात्रीच्या म्हणून ज्या तलवारी, कट्यारी आणि भाल्यांची पाती आज आमच्या पंचक्रोशीतल्या घराघरांत आहेत, ती सगळी खरी धरली तर महाराजांना पन्हाळा सोडायचं कारणच नव्हतं. एवढ्या हत्यारांनी वेढा तिथल्या तिथं उधळला असता.

शस्त्राची ओळख पटवणं किती अवघड, हे कोल्हापूरकरांना खरं तर कुणी शिकवायला नको. जगदंबा तलवारीचंच बघा. १८७५-७६ साली इंग्लंडचा युवराज, पुढं सातवा एडवर्ड झाला तो, हिंदुस्थानात आला. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, वय जेमतेम बारा. त्यांच्याकडून ही तलवार युवराजाला नजर झाली आणि आता ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. कोल्हापूरच्या शिलेखान्यात तिची नोंद, मुठीला हिरे-माणकं, देणारा छत्रपती, घेणारा युवराज. एवढा भक्कम पुरावा असूनही ती जगदंबा की भवानी यावर महाराष्ट्र वर्षानुवर्षं भांडला, आणि ती परत आणण्याची आश्वासनं ऐकत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.

वाघनखांची तीच कथा. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती साताऱ्यात आली. ग्रँट डफला ती साताऱ्यात मिळाली, असं त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे. पण अफझलखानाच्या वेळची ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द ते म्युझियमच सांगतं. याउलट रघुजी भोसल्यांची तलवार. राज्य सरकारनं २०२५ साली लंडनच्या लिलावातून ती परत आणली. तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत मालकाचं नाव आहे, हुद्दा आहे, आणि पातं फिरंगी असल्याची कबुलीही आहे. कारण त्या काळी आपले सरदार युरोपातली पाती मागवून त्यांना इथल्या मुठी बसवत. अशी सज्जन तलवार क्वचित भेटते. आपलं नाव, गाव आणि आजोळ स्वतःच सांगते.

आमच्या सुरीला ना नोंद, ना पेटी, ना सोन्याची अक्षरं. गुरुजी म्हणाले, "नोंद नाही, हाच पुरावा. गुप्त कामाची असणार."

यावर बोलायला जागाच राहिली नाही. मी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ज्यांच्या हातात रोज पातं असतं त्यांच्याकडं निघालो.

तालमीतले वस्ताद मर्दानी खेळ शिकवतात. दांडपट्टा, फरी-गदका, लाठी, विटा. त्यांच्या अंगणात पोरं घुमायला लागली की मधून मांजरही जात नाही. वस्तादांनी सुरी दोन बोटांवर आडवी तोलली, पुढं-मागं सरकवली आणि कागदावर परत ठेवली.

"हत्यार न्हवं हे."

"कट्यार नाही?"

"कट्यारीची मूठ आडवी असती. मूठ आवळायची नि सरळ ठोसा द्यायचा."

"बिचवा?"

"बिचव्याला दोन वळणं लागत्यात. हे तर शाळंतल्या पट्टीगत सरळ हाय. कुणी सांगितलं तुम्हाला हत्यार म्हणून?"

मी गुरुजींचं नाव सांगितलं नाही. वस्ताद त्यांचेच विद्यार्थी निघाले असते.

पापाच्या तिकटीला चप्पल करणाऱ्या एका कारागिराकडं गेलो. त्यानं हातातलं काम न थांबवता मान हलवली. "रापी न्हाय. रापीला धार पुढं असती, पातं रुंद. चामडं तासायला तिला अशी पुढं ढकलायची." त्यानं लगेच ढकलून दाखवली. बारीक सालीसारखं चामडं निघालं आणि माझ्या पायावर पडलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. एवढं होऊनही २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्रादाचे मॉडेल तशीच चप्पल घालून चालले, तेव्हा कोल्हापूरचं नाव कुणी घेतलं नव्हतं. गाजावाजा झाल्यावर त्या कंपनीनं आपल्या चपलेचं मूळ भारतीय कारागिरीत असल्याचं मान्य केलं. कारागीर म्हणाला, "आख्खं जग पायात घालतंय तरी आमची चप्पल कुठली, हे सांगायला कागद काढायला लागतो. तुमच्या सुरीला कोण इचारतंय?"

मटणाच्या दुकानात रविवार होता. कोल्हापुरात रविवारी मटणाच्या दुकानात इतिहास विचारणं हे धाडस आहे. मागची रांग भविष्यकाळाची वाट बघत असते. तरी दुकानदारानं सुरीकडं एक नजर टाकली. "हाडाला सत्तूर लागतो, रुंद नि वजनदार. कातडं सोडवायला सुरा, लांब नि पातळ. ही मधलीच हाय. हिनं धड हाड तुटणार न्हाय, धड कातडं सुटणार न्हाय. पाव किलो का अर्धा?" अर्धा घेतला. संशोधनाला खर्च येतोच.

करवीर तालुक्यातल्या आमच्या मामांचं गुऱ्हाळ आहे. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता, चुलवाणाच्या धगीनं माझा चेहरा सुरीच्या रंगाचा झाला. मामांनी सुरी उलटसुलट करून सांगितलं, "ऊसतोडीचा कोयता असा नसतो. खुरपंही नव्हं, विळाही नव्हं. आमचं नाही बाबा हे." मग गुळाचा गरम खडा हातावर ठेवत म्हणाले, "चप्पलवाल्याला दाखवलास का?"

फिरताना एक गोष्ट लक्षात आली. ज्यांनी जन्मात धार लावलेली नाही, त्यांना ही सुरी काय आहे हे लांबून कळत होतं. ज्यांच्या हाताला पात्याचे घट्टे होते, त्यांना ती हातात घेऊनही फक्त काय नाही एवढंच कळत होतं. आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या धंद्याकडं बोट दाखवत होता. नेहमी प्रत्येकाला सगळीकडं आपलंच दिसतं. या सुरीनं मात्र अख्ख्या कोल्हापूरला विनय शिकवला. गुरुजींचा अपवाद.

दरम्यान घरात गंज काढण्यावरून दोन पक्ष पडले. एक पक्ष चिंच आणि राखेचा, दुसरा रॉकेलचा. धाकट्या पुतण्यानं कोल्ड्रिंकमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा मार्ग सुचवला. ते आम्लामुळं चालतं म्हणे, पण मग रात्रभर कुणाच्या वाटणीचं कोल्ड्रिंक, यावर ती चर्चा थांबली. संग्रहालयांतले जाणकार मात्र अशा वेळी एकच सांगतात: हात लावू नका. गंज खरवडला की त्याच्याखालचे शिक्के, घडणीच्या खुणा, घासल्याच्या रेघा, सगळं निघून जातं. वस्तू चकचकीत होते आणि मुकी होते. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवेपर्यंत वहिनींनी रॉकेलच्या बोळ्यानं पाठीकडचा बोटभर भाग पुसूनही टाकला होता. आणि तिथं दोन अक्षरं दिसली.

इंग्रजी. एक 'एन', त्याच्या शेजारी 'डी'. अलीकडं-पलीकडं गंजानं खाल्लेलं.

घरात एकदम शांतता पसरली. दोन अक्षरांत केवढी ताकद असते! पात्यावर गावाचं नाव उठवण्यामागं मोठी भांडणं आहेत. इंग्लंडातल्या शेफिल्डच्या सुरी-कात्रीवाल्यांची संघटना १६२४ पासूनची. त्यांच्या शिक्क्याला जगभर मान. मग जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर स्वस्तात तशीच पाती घडवायला लागले आणि काही जण त्यांवर शेफिल्डचं नावही ठोकायला लागले. शेफिल्डवाल्यांनी आरडाओरडा केला आणि १८८७ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला, की परक्या मालावर तो कुठला हे लिहिलंच पाहिजे. आपल्याकडं तसाच कायदा १८८९ मध्ये आला. 'मेड इन जर्मनी' हे शब्द तेव्हा बदनामीसाठी लिहायला लावले होते. पुढं लोक तेच शब्द शोधून माल घ्यायला लागले. बदनामीचा एवढा फायदा नंतर फक्त राजकारणात झाला.

पुतण्यानं वहीत देशांची यादी केली. 'एन' आणि 'डी' शेजारी इंग्लंडमध्ये आहेत, हॉलंडमध्ये आहेत, स्वित्झर्लंडमध्ये आहेत आणि इंडियातही आहेत. म्हणजे सुरी एक तर परदेशी, नाहीतर देशी. एवढ्या संशोधनानंतर शंकेचं क्षेत्र बरंच आटोक्यात आलं होतं.

एक गोष्ट मात्र नक्की होती. शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअरलीनं १९१३ साली न गंजणारं पोलाद केलं आणि पुढं ते घराघरांत शिरलं. आमची सुरी त्या घराण्यातली नव्हती. तिच्या अंगावरचा गंज मात्र पूर्ण स्वदेशी होता.

शेवटी उद्यमनगर गाठलं. कोल्हापूरला बाहेरचे लोक देवी, कुस्ती आणि रस्सा यांसाठी ओळखतात. पण गाव पोसलं ते ओतकामानं, लेथनं आणि इंजिनांच्या सुट्या भागांनी. तिथल्या एका जुन्या टर्नरनं सुरी पाहिली, काही न विचारता ग्राइंडर चालू केला आणि मुठीकडच्या पट्टीचं टोक क्षणभर दगडाला लावलं. ठिणग्या उडाल्या. नुसतं मऊ लोखंड असलं की ठिणग्यांच्या लांब सरळ रेघा निघतात. कार्बनचं पोलाद असलं की प्रत्येक ठिणगी पुढं जाऊन फुटते, तिला फाटे फुटतात. आमच्या सुरीच्या ठिणग्या दिवाळीतल्यासारख्या फुटल्या.

"पाट्याचं हाय," टर्नर म्हणाला.

"म्हणजे?"

"गाडीच्या स्प्रिंगचा पाटा. लोहार, घिसाडी जुन्या पाट्याचीच पाती करत्यात. चांगलं पोलाद, धार धरतंय. हे अक्षर बी त्या पाट्यावरचंच असणार, सुरीवरचं न्हवं."

झालं. शिवकाल एका ठिणगीत संपला. गाडीच्या पाट्याला आधी गाडी लागते. पण टर्नरचं अजून बघणं चाललं होतं. त्यानं भिंग काढलं, धारेवरनं अंगठा हळू फिरवला आणि हसला.

"तुम्ही सगळ्यास्नी काय इचारत फिरलाय?"

"ही काय कापायला केली होती, ते."

"हिनं कायबी कापलेलं न्हाय. ही बघा, लोहारानं पहिल्यांदा काढलेली धार तशीच हाय. कापणारं पातं मधनं झिजतं, खोलगट हुतं. हिला झीजच न्हाय. टोक तेवढं वाकलंय, ते कशात तरी घालून उचकटल्यानं."

मी त्या माणसाकडं बघतच राहिलो. गुरुजींनी सुरीवर इतिहास वाचला होता, वहिनींनी अक्षरं वाचली होती, पुतण्यानं देश वाचले होते. झीज वाचणारा हा पहिला. वस्तू कशासाठी होती, हे ती कुठं झिजली त्यावरून कळतं. आणि आमची कुठंच झिजली नव्हती. म्हणजे प्रश्न सुटला नाही, उलटा झाला. चांगल्या पोलादाची, धार लावलेली सुरी करायची आणि तिनं काहीच कापायचं नाही, असा उद्योग कोण करील?

सरकारी खातं, असं आमच्या गल्लीतले वकीलसाहेब म्हणाले. पण ते विनोदानं. गंभीरपणे त्यांनी तीन कायदे टेबलावर मांडले. पहिला शस्त्रास्त्र कायदा. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर परवाना लागतो. मात्र ते घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेलं असेल तर सूट. "म्हणून उद्देश महत्त्वाचा," वकीलसाहेब म्हणाले. "कांदा कापायचा उद्देश असेल तर तुम्ही गृहस्थ. उद्देश सांगता आला नाही तर..." आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. आम्ही लगेच शिंप्याची टेप आणली. पातं बरोब्बर नऊ इंचांच्या आसपास भरत होतं. ते अलीकडं की पलीकडं, हे मूठ कुठून सुरू व्हायची त्यावर होतं, आणि मूठ तर नव्हतीच.

दुसरा १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा: शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू ती पुरावस्तू. तिसरा १८७८ चा गुप्तधनाचा कायदा: जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशात लपलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. माळा जमिनीला जोडलेला आहे का, तर घरामार्फत आहे. सुरी दहा रुपयांची आहे का, हे ठरवायला भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं ती हातानं तोलली, आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं बघितलं आणि अनुभवी माणसाच्या सावधपणानं म्हणाला, "तुम्ही एवढी माणसं जमलाय, म्हणजे मी काय किंमत सांगणार न्हाय."

असं करता करता खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी शस्त्रपूजा होते, आणि शस्त्राची व्याख्या भलतीच उदार असते. पाटावर पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर, शिलाई मशीनची कात्री, पुतण्याचा लॅपटॉप, वहिनींची विळी, दारात हार घातलेली मोटारसायकल. घरातलं जे जे पोटाला घालतं ते त्या दिवशी शस्त्र. प्रश्न एवढाच, की सुरी कुठल्या ओळीत ठेवायची? आजोबांचा लाकडी दांडका हत्यारांच्या ओळीत होता, विळी अवजारांच्या. सुरी दोन्हींच्या मधे, उमेदवारी मागं न घेतलेल्या अपक्षासारखी.

तेवढ्यात आत्या आल्या. वय ऐंशीच्या पुढं, पण दृष्टी अशी की डाळीतला खडा त्यांना भिऊन असतो. पाटाकडं बघून त्या थबकल्या.

"अगं बया, ही कुठं सापडली? आणि खण कुठाय हिचा?"

खण स्टुलाखाली होता. कुणी काही बोललं नाही.

"ही पाचवीची सुरी. बाळ-बाळंतिणीच्या उशाखालची."

आणि मग बसल्या जागी त्यांनी दहा मिनिटांत ते सांगितलं, जे शोधत मी तालमीपासून उद्यमनगरापर्यंत फिरलो होतो. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा. पाटा-वरवंटा मांडायचा, बाळाचं नशीब लिहायला कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि उशाखाली लोखंड. वाईट काही जवळ येऊ नये म्हणून. कुणी विळा ठेवतं, कुणी अडकित्ता. आमच्या पणजीनं खास सुरी करून घेतली होती, दारावर आलेल्या घिसाड्याकडनं, पायलीभर जोंधळ्यावर. तिनं काही कापायचं नाही, हा दंडक. काम झालं की खणात गुंडाळून माळ्यावर. "तुझे आजोबा, तुझे वडील, मी, तुम्ही सगळे हिच्यावर डोकं ठेवून झोपलाय."

"आणि टोक कशानं वाकलं?"

आत्यांनी पदर सारखा केला. "डालड्याच्या डब्यानं. तुझ्या आजोबांनी झाकण उचकटलं. त्यावरनं आईनं आठ दिवस अबोला धरला होता."

टर्नरचा शब्द न् शब्द खरा ठरला. वकीलसाहेबही खूश झाले. पण थोड्याच वेळात त्यांचा चेहरा पडला. घरगुती, शेती, वैज्ञानिक, औद्योगिक. सटवाईच्या पूजेची, बाळाला राखणारी सुरी या चारांपैकी कशात बसते? घरगुती म्हणावं तर घरात तिनं काही केलं नाही. औद्योगिक म्हणावं तर नऊ महिन्यांचा उद्योग तिचा नाही. पुतण्याची बायको दिवाळीनंतर बाळंत व्हायची आहे. ती मघापासून सुरीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघत होती. "दवाखान्यात उशाखाली ठेवू देतील का?" तिनं हळूच विचारलं. "निर्जंतुक करून दिली तर?" वकीलसाहेबांनी हे कुठल्याच कलमात नसल्याचं सांगितलं आणि फी न घेता उठले.

राहिले गुरुजी. ते एका कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. शिवकाल हातचा गेलेला माणूस खचेल असं मला वाटलं होतं. ते उठले, सुरीला हळदकुंकू वाहिलं आणि आत्यांजवळ येऊन बसले.

"आत्या, तुमच्या पणजीबाईंचं माहेर कुठलं हो?"

"माझ्या आजीचं म्हणा. कसबा बावडा."

गुरुजींचे डोळे लकाकले. "बावडा! लक्ष्मी विलास पॅलेस बावड्यातच. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म तिथलाच. २६ जून १८७४."

"गुरुजी," मी म्हणालो, "ही गाडीच्या पाट्याची आहे. १८७४ साली मोटार कुठली?"

गुरुजींनी माझ्याकडं, गृहपाठ न केलेल्या मुलाकडं बघतात तसं, बघितलं.

"मोटार नव्हती. बग्गी नव्हती का? बग्गीला पाटे नव्हते का? आणि राजवाड्याच्या बग्ग्यांचे पाटे कुठनं यायचे?" त्यांनी सुरी उचलून ती दोन अक्षरं सगळ्यांना दाखवली. "एन... डी... इंग्लंड!"

आम्ही सगळ्यांनी टर्नरला फोन लावला. तो म्हणाला, तसंबी असू शकतंय.